सुपरमॅनचे सतरा लघुपट: पैसे नेमके कशाचे मोजायचे?

सुपरमॅन चित्रपटाच्या पडद्यावर पहिल्यांदा आला तो हाडामांसाच्या नटाच्या रूपात नव्हे, तर हाताने काढलेल्या चित्रांतून. २६ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेत पॅरामाउंटने त्याचा पहिला रंगीत ॲनिमेशनपट प्रदर्शित केला. मॅक्स आणि डेव्ह फ्लायशर या भावांच्या स्टुडिओने सुरू केलेली ही मालिका जुलै १९४३ पर्यंत चालली. त्यात सतरा लघुपट झाले, प्रत्येक साधारण आठ ते दहा मिनिटांचा. सगळे सलग लावले तर अडीच तासांच्या आत संपतात. घरात सुपरहिरोवेडं मूल असेल, कुणी ॲनिमेशन शिकत असेल किंवा जुन्या चित्रपटांची आवड असेल, तर हा संच पाहायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

हे सतराही लघुपट आज कायदेशीररीत्या फुकट पाहता येतात. तरीही ते डीव्हीडीवर, ब्लू-रेवर विकले जातात, ‘दुर्मीळ संग्रह’ अशा नावाखाली पेन ड्राइव्हमध्ये भरून विकले जातात आणि लोक घेतात. त्यातला काही खर्च योग्य असतो, बराचसा वाया जातो. चित्रपट फुकट असल्यामुळे तुम्ही जे काही मोजता, ते प्रतीच्या दर्जाचं मोल असतं. एवढं पक्कं लक्षात ठेवलं की पुढचा प्रत्येक निर्णय सोपा होतो.

फुकट का?

बनवताना हे लघुपट मुळीच स्वस्त नव्हते. पॅरामाउंटने सुपरमॅनची मालिका करायला सांगितली तेव्हा फ्लायशरांना हे काम अंगावर घ्यायचं नव्हतं. टाळण्यासाठी डेव्ह फ्लायशरने एका लघुपटाला एक लाख डॉलर लागतील असं सांगितलं, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या ‘पोपाय’ कार्टूनच्या कित्येक पट. पॅरामाउंटने नकार देण्याऐवजी घासाघीस केली. पहिल्या लघुपटाला सुमारे ५० हजार आणि पुढच्यांना सुमारे ३० हजार डॉलर ठरले. महागाईचा हिशेब धरला तर पहिल्याचा खर्च आजच्या दहा लाख डॉलरच्या आसपास जातो, आणि तोही दहा मिनिटांसाठी. हा पैसा पडद्यावर दिसतो. इमारतींवर पडणाऱ्या लांब सावल्या, धातूवरची चकाकी, कोसळणाऱ्या पुलाचं वजन, हे सगळं चौकटीमागून चौकट हाताने रंगवलेलं आहे. पहिल्या लघुपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. पुतळा मात्र डिस्नेच्या ‘लेंड अ पॉ’ने नेला.

इतक्या महागड्या मालिकेचे हक्क पुढे कागदपत्रांच्या हलगर्जीत हातचे गेले. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात ठरावीक मुदतीनंतर कॉपीराइटचं नूतनीकरण करावं लागे. ते झालं नाही आणि लघुपट सार्वजनिक मालकीचे झाले. भारतातही अडचण नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचं संरक्षण प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतं. मालिकेतला शेवटचा लघुपट १९४३ चा, म्हणजे ही मुदत २००३ अखेर संपली.

सुपरमॅन हे पात्र मात्र अजून मोफत झालेलं नाही. अमेरिकेत त्याच्या पहिल्या कथेचा कॉपीराइट २०३३ च्या अखेरीपर्यंत आहे आणि छातीवरचं ‘एस’ चिन्ह नोंदणीकृत व्यापारचिन्ह आहे. तेव्हा लघुपट उतरवून घ्या, मित्रांना द्या, बिनधास्त पाहा. पण त्यातलं चित्र टी-शर्टवर छापून विकायला निघालात, तर तो वेगळा आणि महागात पडणारा उद्योग आहे.

शून्य रुपयांत काय मिळतं

इंटरनेट आर्काइव्ह आणि विकिमीडिया कॉमन्स या दोन ठिकाणी हे लघुपट आहेत. ते उतरवून घेता येतात, नोंदणीची सक्ती नाही. यूट्यूबवरही ढिगाने आहेत, पण तिथे प्रतींमध्ये जमीन-अस्मानाचा फरक असतो. निवड करताना तीन गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट रंग. मूळ लघुपट टेक्निकलरमध्ये होते. त्या पद्धतीने काढलेल्या प्रतींचे रंग दशकानुदशकं टिकतात. टीव्हीसाठी नंतर स्वस्त रंगपद्धतीने काढलेल्या प्रती मात्र विटत जाऊन लालसर-गुलाबी होतात. पहिल्या मिनिटातच सुपरमॅनच्या पोशाखाचा निळा रंग जांभळट किंवा करडा दिसला, तर ती प्रत सोडा आणि पुढची पाहा. या मालिकेत रात्रीची दृश्यं फार आहेत. वाईट प्रतीत ती नुसती काळीठिक्कर दिसतात आणि ज्या सावल्यांसाठी स्टुडिओने एवढा खर्च केला, त्याच हरवतात.

दुसरी गोष्ट चौकट. त्या काळचा पडदा जवळजवळ चौकोनी होता. आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणं हेच बरोबर. पट्ट्या नको म्हणून कुणी चित्र ताणून बसवलेलं असेल, तर नायिका लोइस लेनचा चेहरा बसका दिसतो. वरून-खालून कापलेलं असेल, तर सुपरमॅनचं डोकं चौकटीबाहेर जातं. तुमच्या टीव्हीची सेटिंगही ४:३ किंवा ‘मूळ आकार’ यावर ठेवा. ते काम रिमोटवर अर्ध्या मिनिटात होतं.

तिसरी गोष्ट, आणि याबद्दल मला मनापासून चीड आहे, ती म्हणजे ‘एआयने सुधारलेली’ आवृत्ती. नावापुढे ‘४के, ६० एफपीएस’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. संगणक दोन चित्रांच्या मधे आपल्या मनाने तिसरं घुसवतो. चित्रकाराने ठोसा जिथे झटकन बसवला होता, तिथे हात पाण्यातून फिरल्यासारखा सरकतो. पेन्सिलच्या बारीक रेघा पुसल्या जाऊन चेहरे मेणाचे दिसतात. अशी प्रत फुकटातही घेऊ नका. टीव्हीमध्ये ‘मोशन स्मूदिंग’ किंवा अशाच नावाची सोय चालू असेल, तर तीही बंद करा. नाहीतर चांगल्या प्रतीचीही तीच गत होते.

डेटाचा खर्च किरकोळ आहे. साध्या दर्जात तासाला साधारण अर्धा ते पाऊण जीबी लागतो, म्हणजे सगळा संच सव्वा ते पावणेदोन जीबीत बसतो. रोज दीड-दोन जीबी देणारा मोबाइल प्लॅन असेल तर एका दिवसाचा कोटा. एचडीत हाच आकडा चार-सहा जीबीपर्यंत जाऊ शकतो, तेव्हा घरच्या वायफायवर उतरवून पेन ड्राइव्हवर घ्यावं. एकदा उतरवलं की मुलांनी तोच लघुपट दहा वेळा पाहिला तरी डेटा जात नाही आणि मधे जाहिरातीही येत नाहीत. यासाठी कुठल्याही ओटीटीची नवी वर्गणी भरायची गरज नाही. यूट्यूबच्या जाहिराती टाळण्यासाठी महिन्याची वर्गणी घ्यावी का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर स्पष्ट नाही असं आहे, कारण फाइल उतरवली की प्रश्न मिटतो.

‘सर्व १७ भाग’ असं लिहून भरलेला पेन ड्राइव्ह कुणी विकत असेल, तर रिकाम्या पेन ड्राइव्हची बाजारातली किंमत पाहा. वरचे सगळे पैसे केवळ कॉपी करून देण्याच्या श्रमाचे आहेत. हेच जुन्या स्वस्त डीव्हीडींचंही. हक्क मोकळे असल्याने गेल्या काही दशकांत असंख्य लहान कंपन्यांनी हा संच काढला, आणि त्यांतल्या अनेक डिस्क प्रतीची प्रत, तिचीही प्रत अशा साखळीतून आलेल्या आहेत. वेष्टनावर चित्र कितीही झकास असो, आत फुकटच्या फाइलपेक्षा वाईट काही निघण्याची शक्यता खरी आहे.

मग पैसे कधी मोजावेत

मूळ सामग्रीवरून नव्याने तयार केलेली प्रत हवी असेल तेव्हा. सुपरमॅनचे हक्क आज वॉर्नर ब्रदर्सकडे आहेत आणि कंपनीच्या ताब्यात चांगल्या दर्जाची मूळ फिल्म आहे. तिच्यावरून केलेली सुधारित आवृत्ती आधी २००६ मध्ये सुपरमॅन चित्रपटांच्या मोठ्या डीव्हीडी संचाबरोबर आली, मग २००९ मध्ये स्वतंत्र डीव्हीडीवर. मे २०२३ मध्ये सतराही लघुपटांची अधिकृत ब्लू-रे निघाली. रंग आणि स्थिरता या बाबतींत ती फुकटच्या बहुतेक प्रतींच्या पुढे आहे. पण अनेक जाणत्या संग्राहकांची तक्रार अशी की सफाई करताना फिल्मचा नैसर्गिक दाणा घासून काढला गेला आणि त्याबरोबर काही ठिकाणी बारीक रेघाही गेल्या. ॲनिमेशनचा विद्यार्थी रेघ पाहायला बसतो. त्याने ब्लू-रे मागवण्याआधी दोन्ही आवृत्त्यांतल्या एखाद्या दृश्याची तुलना पाहून घ्यावी. घरात मुलांबरोबर मोठ्या टीव्हीवर पाहायचं असेल तर ही तक्रार बहुधा जाणवणारही नाही.

आता पुण्यात किंवा नागपुरात बसून ती मागवायची म्हणजे काय पडेल ते पाहू. डिस्क २० डॉलरला आणि पाठवणी १५ डॉलरला मिळते असं उदाहरणापुरतं धरा. डॉलर ८८ रुपये मानला तर ३,०८० रुपये इथेच झाले. क्रेडिट कार्डवर परकीय चलनाचं शुल्क अनेक बँका साडेतीन टक्क्यांपर्यंत लावतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आणखी सव्वाशेच्या आसपास. त्यानंतर सीमाशुल्क. ते फक्त डिस्कच्या किमतीवर बसत नाही, तर किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसतं. त्यावर पुन्हा आयजीएसटी आणि कुरिअर कंपनीचं हाताळणी शुल्क. सीमाशुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून मागवण्याच्या दिवशीचा दर पाहावा. पण चार हजारांच्या घरात जाण्याची तयारी ठेवावी. चार हजार भागिले सतरा, म्हणजे एका लघुपटाला सुमारे २३५ रुपये. या दरात आपल्याला परवडतं का, हे विचारून मगच बटण दाबा. ज्या संकेतस्थळावर आयात-शुल्कासह अंतिम रक्कम आधीच दाखवतात तिथून घेणं बरं, नाहीतर दारात कुरिअरवाला उभा राहतो तेव्हा खरा आकडा कळतो.

अमेरिकेतल्या बहिणीला किंवा भाच्याला ‘गिफ्ट’ लिहून टपालाने पाठव असं सांगण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते आता करू नका. डिसेंबर २०१९ पासून भेटवस्तू म्हणून टपालाने किंवा कुरिअरने शुल्कमुक्त वस्तू मागवण्याची सवलत राख्या आणि जीवरक्षक औषधं सोडून बंद झाली आहे. त्याऐवजी घरचं कुणी सुटीत येणार असेल तर त्यांच्या बॅगेत एक डिस्क सहज येते. प्रवाशाच्या शुल्कमुक्त मर्यादेत ती कुठल्या कुठे बसते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात नातलग असलेल्या मराठी घरांसाठी हाच सर्वांत स्वस्त मार्ग आहे, खर्च फक्त तिथल्या दुकानातल्या किमतीचा.

मात्र डिस्क आली आणि चालली नाही, असं होऊ शकतं. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग केलेले आहेत. अमेरिका ‘ए’मध्ये येते, भारत ‘सी’मध्ये. डीव्हीडीत अमेरिकेचा क्रमांक १, आपला ५. अनेक डिस्क सर्व विभागांत चालतात, काही चालत नाहीत. विक्रेत्याच्या माहितीत ‘रीजन फ्री’ किंवा ‘ए, बी, सी’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या, नसेल तर विचारा आणि उत्तर लेखी ठेवा. आणि प्लेअर? घरात ब्लू-रे प्लेअर नसेल तर केवळ या संचासाठी तो घेणं मला पटत नाही. मुलाकडे डिस्क घालता येणारं प्लेस्टेशन ४ किंवा ५ असेल तर त्यावर ब्लू-रे चालते, पण ५ च्या ‘डिजिटल’ आवृत्तीला डिस्कची खाच नसते. लॅपटॉपला लावायचा साधा डीव्हीडी ड्राइव्ह ब्लू-रे वाचत नाही. ही चौकशी डिस्क मागवण्याच्या आधीची आहे, नंतरची नव्हे.

दुसरा एक संग्रह, आणि दुबार खरेदी

सुपरहिरो लघुपटांचा संग्रह शोधताना ‘डीसी शोकेस’ हे नावही समोर येतं. २०१० मध्ये निघालेल्या या डिस्कवर चार लघुपट आहेत. त्यातला मोठा म्हणजे सुपरमॅन आणि शझॅम यांची ब्लॅक ॲडमशी झुंज. बाकीचे तीन ‘द स्पेक्टर’, ‘जोना हेक्स’ आणि ‘ग्रीन ॲरो’. हे मोफत नाहीत आणि पुष्कळ वर्षं होणारही नाहीत, तेव्हा इथे किंमत मोजणं रास्त आहे. पण आधी आपल्या कपाटात पाहा. हे तीन त्याच वर्षी वेगवेगळ्या ॲनिमेशनपटांच्या डिस्कवर जोड म्हणून आले होते: स्पेक्टर ‘जस्टिस लीग: क्रायसिस ऑन टू अर्थ्स’बरोबर, जोना हेक्स ‘बॅटमॅन: अंडर द रेड हूड’बरोबर आणि ग्रीन ॲरो ‘सुपरमॅन/बॅटमॅन: अपोकॅलिप्स’बरोबर. या तिन्ही डिस्क घरी असतील, तर संग्रहात तुमच्यासाठी खरोखर नवा असा एकच लघुपट उरतो. दुकानदार हे सांगणार नाही. शिवाय ‘स्पेक्टर’ आणि ‘जोना हेक्स’ लहान मुलांसाठी नाहीत. त्यातली हिंसा बघवत नाही अशी आहे.

मुलांना कोणते दाखवावेत

फ्लायशरांच्या संचातही सगळं सरसकट दाखवण्यासारखं नाही. ‘द मेकॅनिकल मॉन्स्टर्स’ने सुरुवात करा. दागिने लुटणारे उडते यंत्रमानव आणि त्यातल्या एकाच्या पोटात लपलेली लोइस. याच यंत्रमानवांचा प्रभाव जपानच्या हायाओ मियाझाकींच्या कामात उतरला, हे त्यांचे चित्रपट पाहिलेल्या मुलांना पाहताक्षणी कळतं. त्यामागून ‘बिलियन डॉलर लिमिटेड’मध्ये सोन्याची आगगाडी ओढणारा सुपरमॅन, ‘द आर्क्टिक जायंट’मध्ये बर्फातून जागा झालेला डायनासोर, ‘द बुलेटिअर्स’मधली बंदुकीच्या गोळीसारखी उडणारी मोटार. आणि ‘द मॅग्नेटिक टेलिस्कोप’, ज्यात तुटलेल्या तारांच्या मधे तो स्वतःचं शरीर जोडून वीजप्रवाह पुरा करतो. संवाद थोडे आहेत. इंग्रजी न येणाऱ्या मुलालाही गोष्ट कळते आणि मराठी उपशीर्षकांसाठी कुणाला वेगळे पैसे द्यावे लागत नाहीत.

पहिल्या नऊ लघुपटांनंतर फ्लायशर बंधूंच्या हातून काम गेलं. उरलेले आठ पॅरामाउंटने ‘फेमस स्टुडिओज’ या नावाखाली करून घेतले, आणि तोवर अमेरिका युद्धात उतरली होती. ‘जॅपोटर्स’ आणि ‘इलेव्हन्थ अवर’मध्ये जपानी माणसं, ‘जंगल ड्रम्स’मध्ये आफ्रिकी माणसं ज्या पद्धतीने रंगवली आहेत ती वंशद्वेषाची आहे. पहिल्या नऊपैकी ‘इलेक्ट्रिक अर्थक्वेक’मधल्या मूळनिवासी शास्त्रज्ञाबद्दलही हेच थोड्या सौम्य शब्दांत म्हणावं लागेल. इतिहास शिकणाऱ्या मोठ्या मुलांबरोबर हे जरूर पाहा, पण सोबत बसून, बोलत. सात-आठ वर्षांच्या मुलापुढे ही फाइल एकटी सोडू नका. म्हणूनच ‘सर्व १७ भाग’ असं मिरवणारा महागडा संच लहान मुलाला भेट देण्यापेक्षा, निवडक सात-आठ लघुपट उतरवून एका पेन ड्राइव्हवर घालून देणं मला जास्त योग्य वाटतं. खर्च फक्त पेन ड्राइव्हचा.

सोसायटीत किंवा वाचनालयात दाखवायचे असतील

घरात दहा मुलं बोलावली तर प्रश्न नाही. पण गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा वाचनालयाच्या सभागृहात सर्वांसाठी खुला खेळ करायचा असेल, तर कॉपीराइट संपला एवढ्याने काम भागत नाही. आपल्याकडे सार्वजनिक प्रदर्शनासाठी सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, आणि चित्रपट किती जुना आहे याने त्यात फरक पडत नाही. खेळ नोंदणीकृत फिल्म सोसायटीमार्फत तिच्या सभासदांसाठी करता येईल का, हे आधी त्या सोसायटीला विचारा. तिकीट लावू नका. जाहिरातीच्या फलकावर सुपरमॅनचं चित्र किंवा ‘एस’ चिन्ह वापरू नका, लघुपटाचं नाव आणि वर्ष पुरेसं आहे. खर्चाच्या यादीत प्रोजेक्टरचं आणि ध्वनियंत्रणेचं भाडं एवढंच राहतं. ते गावोगाव वेगळं असल्याने दोन ठिकाणी विचारून घ्या आणि पडद्याचं भाडं त्यात धरलं आहे का, हे आधीच स्पष्ट करा.

फसगत झाली तर

‘मूळ फिल्मवरून सुधारित’ असं छापून आत धूसर, विटकी प्रत निघाली तर ती सदोष वस्तू आणि दिशाभूल करणारी जाहिरात, दोन्ही ठरू शकते. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा ऑनलाइन खरेदीलाही लागू आहे. डिस्क उघडतानाचा व्हिडिओ, विक्रेत्याच्या पानाचं छायाचित्र आणि बिल जपून ठेवा. आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि वकील करण्याची सक्तीही नाही. परदेशातल्या एकट्यादुकट्या विक्रेत्याकडून थेट मागवलेली डिस्क मात्र या मार्गाने परत करणं अवघड जातं. तिथे तुमच्या कार्डाच्या बँकेकडे मुदतीत व्यवहाराबद्दल हरकत नोंदवणं हा जास्त उपयोगाचा उपाय आहे.